मदत हवी आहे: स्कॉर्पिओला क्रोम व्हील की पॉलिश केलेलं अलॉय?

गाडी लातूर-अंबाजोगाई रोज चालते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, बाकी वर्षभर धूळ, आणि धुवायला बोअरचं क्षाराचं पाणी. १७ इंची चार व्हील घ्यायची आहेत.

क्रोमचा थर फार पातळ असतो, खाली निकेल आणि त्याखाली ॲल्युमिनियमचं अलॉय. खडा लागून टवका उडाला की ओल आत शिरते, ॲल्युमिनियम गंजतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळा थर काढून पुन्हा प्लेटिंग करावं लागतं. टायर जिथे रिमला बसतो तिथे पापुद्रे निघाले तर हवा हळूहळू उतरते. माझ्या मते खरा धोका हाच.

पॉलिशवाल्यावर ओरखडा बफिंगने (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) जातो. पण क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नसेल तर ते काळवंडतं, कोट असेल तर त्याखाली कडेने पांढरे डाग सरकतात. माझा कल बिनकोटच्या पॉलिशकडे आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: अशा पाण्यात बिनकोटच्या व्हीलला मेटल पॉलिश किती दिवसांनी लागतं? लातूर किंवा संभाजीनगरला जुना कोट काढून नीट बफिंग कुठे होतं? आणि क्रोम घेतलंच, तर बॅलन्सिंगला रिमच्या कडेला ठोकायच्या क्लिपच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजनं चिखलात टिकतात का?