मदत हवी आहे : ‘फ्लाइंग डचमन’च्या कथेत चाचेगिरी कुठून आली?

नमस्कार. शाळेच्या वार्षिकांकासाठी ‘फ्लाइंग डचमन’ या भुताळी जहाजावर लेख लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे साहाय्य हवे आहे. १८२१ साली ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात आलेल्या कथेत कप्तान व्हॅन डर डेकन हा केवळ हट्टी आहे : प्रतिकूल वाऱ्यात दक्षिण आफ्रिकेतील टेबल बे या उपसागराजवळ अडकल्यावर, कयामतीपर्यंत इथेच घिरट्या घालाव्या लागल्या तरी माघार घेणार नाही, अशी शपथ तो घेतो आणि शापित होतो. पुढे त्याचे खलाशी भेटेल त्या जहाजाला घरची पत्रे पोहोचवण्याची विनवणी करतात, पण पत्रांवरील नावांची माणसे केव्हाच मेलेली असतात. (हा तपशील मला शापाहूनही भयंकर वाटतो.)

याउलट स्कॉटिश कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८१३ मध्येच ‘रोकबी’ काव्याच्या टिपेत निराळी हकिकत दिली होती : संपत्तीने लादलेल्या जहाजावर खून आणि चाचेगिरी घडली, मग साथ पसरली आणि एकाही बंदराने त्याला थारा दिला नाही. चाचेगिरीचा हा धागा खलाशांच्या त्याआधीच्या कोणत्या लेखी हकिकतींत सापडतो? डच किंवा इंग्रजी प्रवासवर्णने वाचलेल्यांनी कृपया ग्रंथाचे नाव आणि साल कळवावे. मराठीत यावर काही लिहिले गेले असल्यास तेही सुचवावे.