मात्सुयामाचं २०११ चं युनिव्हर्सिटी गेम्सचं गोल्ड, ही नक्की काय स्पर्धा असते?

रेंजवरचा_बंड्या

लोकहो एक प्रश्न. काल रात्री जपानी गोल्फर हिदेकी मात्सुयामाची जुनी माहिती वाचत बसलो होतो (ऑफिसचं काम बाजूला ठेवून, बायकोला सांगू नका) तर मास्टर्स, मेमोरियल वगैरे मोठ्या स्पर्धांच्या आधी एक ओळ सापडली. ऑगस्ट २०११, शेनझेन, वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स, पुरुष वैयक्तिक गोल्ड आणि टीमचंही गोल्ड. आता मला वाटायचं युनिव्हर्सिटी गेम्स म्हणजे धावणं, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, त्यात गोल्फ कधी घुसलं? वैयक्तिक आणि टीम अशा दोन वेगळ्या स्पर्धा खेळतात का, म्हणजे आठ राउंड? मॅच प्ले (एकेका होलवर समोरासमोर) की स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजून)? आणि मुख्य म्हणजे हे गोल्ड किती भारी समजायचं?

विचारायचं कारण, माझा भाचा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हँडीकॅप (कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) ४, आणि ताईचं म्हणणं की कॉलेज आणि गोल्फ दोन्ही एकत्र होत नाही. तिच्या तोंडावर फेकायला एखादं उदाहरण हवंय.

सेंदाईचा_पाहुणा

अरे वा, हा तर आमच्या गावचा विषय. सहा वर्षं झाली जपानात सेंदाईत, नोकरीसाठी आलोय. मात्सुयामा शिकला ते तोहोकू फुकुशी विद्यापीठ इथलंच. गंमत म्हणजे फुकुशी म्हणजे समाजकल्याण, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तिथे फक्त एमएसडब्ल्यू टाइप कोर्स असतील. पण गोल्फमध्ये या कॉलेजचा दबदबा आहे बाबा, नंतर २०१८ ला एशिया-पॅसिफिक अमॅच्युअर जिंकलेला ताकुमी कानाया पण इथलाच.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आठ राउंड नाही रे, चारच. ७२ होल, स्ट्रोक प्ले, ग्रॉस स्कोअर (हँडीकॅप वजा न करता मारलेले सगळे फटके), आणि त्याच चार दिवसांच्या कार्डांवरून वैयक्तिक आणि टीम दोन्हीचा निकाल लागतो. पुरुषांच्या टीममध्ये चार जण आणि रोज त्यातले चांगले तीन स्कोअर धरतात. समजा पहिल्या दिवशी चौघांनी ६८, ७०, ७१ आणि ७८ मारले तर ७८ वाला टाकून दिला, टीमचे झाले २०९. ७८ वाल्याने टीमचं काही बिघडवलं नाही, पण वैयक्तिकमध्ये तो ७८ चार दिवस त्याच्या मानगुटीवर बसणार, तिथे माफी नाही. म्हणून मला वैयक्तिक जास्त अवघड वाटतं. म्हणजे एखादा तिसऱ्या दिवशी वैयक्तिकमधून बाहेर फेकला गेला तरी टीमसाठी त्याला जीव तोडून खेळावंच लागतं, कारण आज नेमका त्याचाच स्कोअर लागणार की नाही हे बाकीचे तिघे आत आल्याशिवाय कळत नाही.

आणि ते २०११ साल डोळ्यापुढे आण जरा. ११ मार्चला इथे भूकंप आणि त्सुनामी. मात्सुयामा तेव्हा ऑस्ट्रेलियात सरावाला होता म्हणून वाचला म्हणायचं, परत आला तर सेंदाईची अवस्था ती तशी. एशियन अमॅच्युअर (तीच, जी कानायाने नंतर जिंकली) जिंकल्यामुळे एप्रिलमध्ये मास्टर्सचं आमंत्रण होतं, आणि गाव असं पडलेलं असताना जावं की नको हाच प्रश्न पडला होता त्याला. शेवटी गेला, कट (दोन राउंडनंतरची छाटणी) पार केलेला एकमेव हौशी खेळाडू ठरला, टाय २७ वा. शेनझेन त्यानंतर चार महिन्यांनी. तेव्हा पोरगा १९ वर्षांचा. इथले जुने लोक अजून त्या वर्षाबद्दल बोलताना आधी भूकंप सांगतात आणि मग हळूच गोल्फवर येतात.

बोगी_बहाद्दर

सेंदाईकर छान लिहिलंय पण थोडं पाणी ओततो. युनिव्हर्सिटी गेम्सचं गोल्ड म्हणजे जगातला बेस्ट कॉलेज गोल्फर असं समजू नका. गेम्स १२ ते २३ ऑगस्टला होते आणि यूएस अमॅच्युअर, म्हणजे अमेरिकेची मोठी हौशी स्पर्धा, २२ ऑगस्टला एरिन हिल्स कोर्सवर सुरू झाली. आता कुठल्याही अमेरिकन कॉलेजच्या टॉपच्या पोराला विचारा शेनझेनला येतोस का, तो काय म्हणेल? फायनलला पोचला तरी पुढच्या वर्षीच्या मास्टर्सचं दार उघडतं तिथे. युनिव्हर्सिटी गेम्स जिंकून ऑगस्टाचं (मास्टर्स जिथे होते तिथलं) तिकीट मिळत नाही. गोल्ड मिळतं, राष्ट्रगीत वाजतं, फोटो येतो, संपलं.

सेंदाईचा_पाहुणा

@बोगी_बहाद्दर मान्य, पण मग त्याच वर्षीचा नोव्हेंबर पण बघ. हौशी असतानाच ताइहेयो मास्टर्स जिंकला, जपान टूरची स्पर्धा, समोर सगळे पोटापाण्यासाठी खेळणारे. बक्षिसाचे पैसे घेता आले नाहीत तो भाग वेगळा. त्यामुळे शेनझेनला समोर कोण नव्हतं यापेक्षा जो होता तो काय फॉर्मात होता ते बघायला पाहिजे असं मला वाटतं.

बोगी_बहाद्दर

हां हे पटलं. खेळाडू भारी, पदक मध्यम 😄

लेकाचा_कॅडी

बंड्या भाऊ, भाच्याचं बोलूया. माझा मुलगा पण याच वयाचा, दर शनिवार-रविवार त्याची बॅग ओढतो म्हणून हे नाव.

पहिली गोष्ट, युनिव्हर्सिटी गेम्स हे टार्गेट ठेवूच नका कारण तिथे गोल्फ दरवेळी नसतंच. यजमान शहराने घेतलं तर असतं. २००७ बँकॉक, २०११ शेनझेन, २०१५ ग्वांगजू, २०१७ तैपेई इथे होतं. मग २०१९ नेपल्सला नाही, चेंगडूला नाही, २०२५ ला जर्मनीत राइन-रूरला पण नाही. मुलगा चार वर्षं तयारी करणार आणि खेळच यादीत नाही. विद्यापीठांची वेगळी जागतिक गोल्फ चॅम्पियनशिप असते ती एक बघण्यासारखी आहे, पण तिथेही तुमच्या विद्यापीठाने नाव पुढे पाठवायला हवं. आणि इथेच घोडं अडतं. मी लेकाच्या कॉलेजात जिमखान्याच्या सरांकडे गेलो, गोल्फबद्दल विचारलं, तर ते म्हणाले "टीम आहे का? अकरा जण झाले तर बघू." मी हसावं की रडावं. वर त्यांनी विचारलं मैदान कुठलं, मी म्हटलं गोल्फ कोर्स, तर म्हणे हां हां नाशिकला आहे ना गोल्फ क्लब ग्राउंड. आता त्या मैदानावर रणजी होते, सकाळी अख्खं नाशिक चालायला येतं, गोल्फ सोडून सगळं होतं तिथे. काय बोलणार.

दुसरं, आणि हे वाईट वाटून घेऊ नका. हँडीकॅप ४ म्हणजे तो दर वेळी पारपेक्षा (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) ४ च जास्त मारतो असं नाही. शेवटच्या २० राउंडपैकी बेस्ट ८ वरून तो आकडा येतो, म्हणजे रोजचा स्कोअर त्याहून दोनतीन वरच. आणि अशा स्पर्धेत हँडीकॅपची वजाबाकी नाही, सगळं ग्रॉस. चार दिवसांत पंचवीसेक ओव्हर होणार आणि ही जपानी कोरियन पोरं अंडर पार खेळतात. २०१५ ला ग्वांगजूला मुलींमध्ये जी जिंकली ती ली जाँग-उन, चार वर्षांत यूएस विमेन्स ओपन घेऊन गेली. ही लेव्हल आहे.

त्यापेक्षा आयजीयूच्या (इंडियन गोल्फ युनियनच्या) हौशी स्पर्धा खेळू दे, स्कोअर जमले तर अमेरिकन कॉलेज. शिव कपूरचं उदाहरण द्या ताईंना, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता आणि २००२ ला बुसानला एशियन गेम्सचं वैयक्तिक गोल्ड आणलं, आपल्याकडे त्याआधी असं १९८२ ला दिल्लीत लक्ष्मण सिंगनेच केलं होतं. फक्त फुल स्कॉलरशिपच्या भ्रमात राहू नका. अनेक वर्षं तिथे डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या) पुरुष गोल्फ टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती, आठदहा पोरांत वाटायच्या, आता नियम बदललेत पण बऱ्याच टीममध्ये नऊच जागा. अर्धा खर्च घरून जातो असं धरून चाला.

रेंजवरचा_बंड्या

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. त्या अकरा जणांवर अजून हसतोय. ताईला मात्सुयामाचं सगळं वाचून दाखवलं, भूकंपाचं ऐकून ती पण जरा हळवी झाली, मग एकच प्रश्न विचारला, "पण कॉलेज पूर्ण होईपर्यंत थांबला ना तो?" @सेंदाईचा_पाहुणा काय सांगू?

सेंदाईचा_पाहुणा

एप्रिल २०१३ ला प्रो झाला, चौथं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. आणि त्याच वर्षी जपान टूरच्या कमाईच्या यादीत पहिला.

रेंजवरचा_बंड्या

मेलो. शिव कपूरचंच सांगतो.