ऑटोनॉमिकची (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेवरची) औषधं लक्षात ठेवायची कशी?

सेकंड_एमबीबीएस विचारतात:
नावं पाठ होतात, पण ‘कोणता रिसेप्टर (पेशीवर औषध बसतं ती जागा), कोणतं जी-प्रोटीन (तिचा निरोप पेशीत नेणारं प्रथिन)’ म्हटलं की गोंधळ उडतो. सिलेक्टिव्ह बीटा ब्लॉकर्स दर वेळी उलटसुलट होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशक) आणि अ‍ॅट्रोपिनची लक्षणंही एकमेकांत मिसळतात. इंग्रजी निमॉनिक्स (लक्षात ठेवायच्या युक्त्या) दोन दिवसांत विसरायला होतात. मराठीतून काही सुचवाल का?

फार्मा_शिकवणी:
जीक्यू, जीआय, जीएस हे जी-प्रोटीनचे प्रकार. मस्करिनिकला (असिटिलकोलिनचे एम रिसेप्टर) सम-विषम लावा: विषम (एम-१, ३, ५) जीक्यू, सम (एम-२, ४) जीआय. इतरांचा (अल्फा-बीटा अ‍ॅड्रेनालिनचे, डी डोपामाइनचे, एच हिस्टामिनचे, व्ही व्हॅसोप्रेसिनचे) ‘दोन नंबर’ बघा. अल्फा-२ आणि डी-२ ब्रेक लावतात, म्हणजे जीआय, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) कमी. बीटा-२, एच-२, व्ही-२ मात्र जीएस, एएमपी वाढवणारे. एक नंबरांत अल्फा-१, एच-१, व्ही-१ जीक्यू. बीटा-१ आणि डी-१ जीएस. हा तक्ता रोज एकदा कोऱ्या कागदावर न बघता काढा. नुसता वाचून तो राहत नाही.

बीटा ब्लॉकर्सचं इंग्रजी आद्याक्षर ए ते एम असेल तर बीटा-१ सिलेक्टिव्ह, म्हणजे मुख्यतः हृदयावरचा बीटा-१ अडवणारं (अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, एस्मोलॉल, मेटोप्रोलॉल), एन ते झेड असेल तर नॉन-सिलेक्टिव्ह, म्हणजे श्वासनलिकेतला बीटा-२ सुद्धा अडवणारं (प्रोप्रॅनोलॉल, टिमोलॉल).

वॉर्डातला:
या नियमाचे अपवादच परीक्षेत विचारतात. नेबिव्होलॉल ‘एन’चं असूनही सिलेक्टिव्ह. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल पहिल्या अर्ध्यातली, तरी नॉन-सिलेक्टिव्ह आणि वर अल्फा-१ सुद्धा अडवणारी. शेवट बघून ओळखायला गेलात तर सोटालॉल फसवतं: लॅबेटालॉलसारखाच शेवट, पण अल्फाशी संबंध नाही. आणि टिमोलॉल डोळ्यात घालायचं म्हणून दम्याच्या रुग्णाला चालेल असं समजू नका. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो, यकृतातला पहिला फेरा चुकतो.

विषबाधा_नोट्स:
ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे ‘सगळं ओलं’: लाळ, डोळ्यांत पाणी, घाम, उलटी, जुलाब, लघवी, छातीत स्राव; सोबत बारीक बाहुली. अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक अडवून ‘आटवतं’: तोंड कोरडं, घाम बंद, त्यामुळे अंग तापतं, बाहुली मोठी, लघवी अडते, माणूस बरळतो. धोत्र्याची विषबाधा हेच चित्र. अ‍ॅम्फेटामाइनमध्येही बाहुली मोठी आणि नाडी जलद असते, म्हणून काखेला हात लावा. घाम असेल तर धोत्रा नव्हे.

पण अ‍ॅट्रोपिन ऑर्गॅनोफॉस्फेटवर उतारा म्हणून दिलं, तरी पाणीच आटवतं, ताकद परत आणत नाही. स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक (असिटिलकोलिनचाच दुसरा प्रकार), तिथे त्याचा उपयोग शून्य. ते काम प्रॅलिडॉक्सिमचं, तेही विष असिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला कायमचं चिकटायच्या आत दिलं तरच.

निओस्टिग्मिन आणि फायसोस्टिग्मिन ही औषधंही हेच एन्झाइम अडवतात. निओस्टिग्मिनचा ‘नि’ म्हणजे मेंदूत प्रवेश निषिद्ध, कारण रेणूवर कायमचा प्रभार आहे. फायसोस्टिग्मिन आत जातं, म्हणून धोत्र्याच्या भ्रमावर ते.

सेकंड_एमबीबीएस:
मग बाहुली मोठी झाली की अ‍ॅट्रोपिन थांबवायचं का?

विषबाधा_नोट्स:
नाही, बाहुलीवर ठरवू नका, छाती ऐका. सुरुवात १.८ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमचे ३ ते ५ अँप्यूल. दर ५ मिनिटांनी तपासा. फरक नसेल तर डोस दुप्पट. फुप्फुसं मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, तोपर्यंत. मग लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. ताप, बरळणं आणि पोटातले आवाज बंद, हे तिन्ही दिसले तर जास्त झालंय. ड्रिप थांबवून नंतर कमी वेगाने पुन्हा सुरू करतात.