स्कॉटलंडचा वारा, लंडनचे धोरण आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

प्रश्न
नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून ग्लासगोला राहतो. शहराच्या दक्षिणेस व्हाइटली येथे 215 पवनचक्क्या आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो, तेव्हा वारा इतका होता की मुलीची टोपी दोनदा उडाली, तरीही समोरची सगळी पाती निश्चल उभी होती. घरी आल्यावर वीजबिल पाहिले आणि मन खट्टू झाले. स्कॉटलंड स्वतंत्र झाला तर आमची वीज खरोखर स्वस्त होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
पाती दुरुस्तीसाठीही थांबवतात, पण आपण पाहिले त्यामागे बहुधा वीजवाहिन्यांची अडचण असावी. वारा उत्तरेत आणि मागणी दक्षिणेत असल्याने वाहिन्या अपुऱ्या पडतात, मग इथल्या प्रकल्पांना उत्पादन थांबवण्याचा मोबदला दिला जातो आणि इंग्लंडमध्ये गॅसवरची केंद्रे सुरू होतात. संपूर्ण ग्रेट ब्रिटनमध्ये घाऊक दर एकच असल्याने पवनचक्कीच्या सावलीत राहणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळत नाही. विभागवार दराची कल्पना ब्रिटिश सरकारने जुलै 2025 मध्ये नाकारली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो, पण तो बदलायला स्वातंत्र्यच हवे असे मुळीच नाही.

प्रतिसाद 2
वरच्या प्रतिसादात अधिकारांचा मुद्दा राहून गेला आहे आणि खरे दुखणे तिथेच आहे. 1998 च्या स्कॉटलंड कायद्याने ऊर्जा धोरण लंडनकडे, म्हणजे ब्रिटिश सरकारकडे ठेवले, मात्र मोठ्या वीजप्रकल्पांना मंजुरी एडिनबर्ग, म्हणजे स्कॉटिश सरकार देते. म्हणूनच नवे अणुवीज केंद्र एडिनबर्ग अडवू शकते, पण अनुदान ठरवू शकत नाही. 2015 मध्ये जमिनीवरील पवनऊर्जेचे अनुदान मुदतीआधी बंद करण्याचा निर्णय लंडनने घेतला आणि त्याची सर्वाधिक झळ स्कॉटलंडला बसली. शिवाय वीज ग्राहकांपासून दूर तयार होते म्हणून उत्तरेकडील प्रकल्पांना पारेषणाचे शुल्कही जास्त भरावे लागते. ज्यांच्या डोंगरांवर हे मनोरे उभे राहतात, त्यांना धोरणात निर्णायक आवाज नसावा, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद 3
आपला संताप रास्त आहे, तरी हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. स्कॉटलंडमध्ये ब्रिटनच्या लोकसंख्येचा जेमतेम बारावा हिस्सा राहतो, पण इथल्या पवनऊर्जेच्या अनुदानाचा भार ग्रेट ब्रिटनभरच्या वीजबिलांवर पडतो. स्वातंत्र्यावरील 2014 च्या सार्वमतापूर्वी, नोव्हेंबर 2013 मध्ये, स्कॉटिश सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत स्वातंत्र्यानंतरही सामायिक वीजबाजार राहील असे गृहीत धरले होते, ते याच कारणाने. असा बाजार अशक्य नाही: आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड 2007 पासून एकाच वीजबाजारात आहेत. मात्र तिथे दोन्ही सरकारांची संमती आहे. स्वतंत्र स्कॉटलंडच्या वाऱ्यासाठी इंग्लंडचा ग्राहक अनुदान देत राहील की फक्त बाजारभावाने वीज विकत घेईल, हे वाटाघाटींतच ठरेल, आणि तोवर स्वस्त विजेचे आश्वासन कोणत्याही पक्षाने देऊ नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. एकच शंका उरते: अनुदानाचे जे दीर्घ मुदतीचे करार आधीच झाले आहेत, त्यांची देणी सीमा आखल्यावर कोणाच्या माथी येतील?