जन्माचं ऋण, पगारातून वसुली आणि सून

नदीकाठ:
“आई-वडिलांचं ऋण न फेडणाऱ्याचा पगार कापलाच पाहिजे,” असं काल इथे कुणीतरी लातूरचा दाखला देऊन लिहिलं. २०२० मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने अशा कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून आई-वडिलांना द्यायचं ठरवलं. पगार खुशाल कापा. माझा राग ‘ऋणा’वर आहे. कर्ज मागून घेतात, जन्म कुणी मागितला? माझ्या वडिलांनी दारूपायी घर विकलं, माझी फी मामाने भरली. तरी शेवटी वडिलांचं सगळं मीच केलं. माणूस असहाय होता आणि जवळ मीच होते, म्हणून.

माळरान:
असहाय तर शेजारचे आजोबाही असतात. त्यांचं का नाही करत? नातं आलं की ऋण आलंच. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत पितृऋण सांगितलंय, ते उगाच नाही.

पहाटवारा:
त्याच संहितेत ते प्रजेने, म्हणजे मुलं जन्माला घालून, फिटतं असं म्हटलंय. म्हाताऱ्यांच्या सेवेचं तिथे नाव नाही. अर्धं वाचून दाखले देऊ नका.

उंबरा:
सगळे लेकरांचंच बोलताय! आई-वडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. माझ्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मुलगा दारातूनच “बरंय ना गं?” विचारून कामावर जातो. ना जन्माचं ऋण, ना कायदा, तरी रात्री उठायचं मी?

माळरान:
विषय भरकटवू नका, ताई. लग्नाबरोबर कर्तव्यं येतातच.

उंबरा:
सप्तपदीतलं कितवं पाऊल सासूच्या सेवेचं, तेवढं सांगा. आणि ‘ताई’ म्हणून गप्प बसवू नका.

पहाटवारा:
माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच लिहिलं. आपल्या घरांत सून तशीच वापरली जाते.

माळरान:
कांट कशाला हवा? माझ्या आईनेही आजीचं असंच केलं, कधी कुरकुरली नाही.

उंबरा:
तिला कुणी विचारलं होतं?

माळरान:
नसेल विचारलं. बरं, सुनेवर ऋण नाही, मानलं. मुलावर आहे, हे मात्र सोडणार नाही.

नदीकाठ:
मुलावर असेल तर नुसते पैसे कापून कसं भागेल? ३० टक्के देऊन तो मोकळा, आणि कूस बदलायला पुन्हा तीच.