चोचीवरून आहार ओळखताना नेमकं चुकतं कुठे?

नवनिरीक्षक
चोच बघून पक्ष्याचा आहार ओळखायचा तक्ता मुलांसाठी तयार करतोय. आखूड-जाड म्हणजे बिया, आकडेबाज म्हणजे मांस, लांब-सरळ म्हणजे मासे, अशी मांडणी आहे. पण सुतारपक्षी, खंड्या आणि बगळा या तिघांच्याही चोची लांब, सरळ, टोकदार. मग काय करायचं? आणि गिधाड-घुबड एकाच रकान्यात टाकले तर चालतील का?

रानपिंगळा
नाही चालणार. चोचीशेजारी पाय, मान आणि शेपूट असे रकाने वाढवा, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

सुतारपक्ष्याच्या चोचीचं टोक जवळून पाहा. ते सुईसारखं नाही, पटाशीसारखं आहे. भुसा आत जाऊ नये म्हणून नाकपुड्यांवर बारीक राठ पिसं असतात. बहुतेक जातींत दोन बोटं पुढे, दोन मागे. शेपटीची मधली पिसं ताठ असतात, खोडावर चढताना त्यांचा टेकू लागतो. जुनी पिसं गळतानाही ही मधली जोडी सगळ्यांत शेवटी पडते, बाकीची नवी उगवल्यावर, म्हणजे टेकू कधीच जात नाही. जिभेचा आधार असलेली हाडं कवटीला मागून वळसा घालून वर येतात, त्यामुळे जीभ भोकात खोलवर जाते.

बगळ्याचं काम मान करते. मानेतला सहावा मणका लांबट असल्याने मान इंग्रजी ‘एस’सारखी दुमडते आणि झटक्यात सुटते. लांब पसरट बोटं चिखलात रुतत नाहीत. खंड्याची मान आखूड, त्यामुळे तो अख्खं शरीरच पाण्यात फेकतो. त्याचे पाय चिमुकले, पुढची बोटं काही अंतर एकमेकांना जोडलेली, म्हणून चालण्यात तो कच्चा. पण ‘खंड्या म्हणजे मासे’ असंही लिहू नका. पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून दूरही राहतो आणि किडे, सरडे खातो.

घुबड पायांनी मारतं. नख्या धारदार आणि बाहेरचं बोट मागे वळणारं. गिधाडाच्या नख्या बोथट, पाय पकडीपेक्षा चालायला बरे. त्याचं खरं हत्यार पोटात आहे, अतिशय तीव्र आम्ल, ज्यात सडक्या मांसातले बरेच जंतू मरतात.

पिसारा
एक दुरुस्ती आधीच सुचवतो. ‘सुतारपक्ष्याची कवटी स्पंजसारखी धक्के शोषते’ हे वाक्य बऱ्याच तक्त्यांत असतं. 2022 मध्ये आलेल्या अभ्यासात अतिवेगवान चित्रण तपासलं, तेव्हा डोकं ताठ हातोड्यासारखंच आदळताना दिसलं. विचार केला तर बरोबरच आहे: धक्का कवटीतच जिरला तर लाकडावर घाव कसा बसणार? मेंदू लहान असल्याने त्याला तो धक्का सोसतो.

दाणापाणी
‘आखूड-जाड म्हणजे बिया’ हा रकानाही फसवा आहे. मुनिया चोचीतच टरफल फोडते, म्हणून तिची चोच जाड. कबुतराची चोच नाजूक, तरी त्याचा आहार मुख्यतः दाण्यांचाच. ते दाणा अख्खा गिळतं. तो आधी गळ्याच्या पिशवीत साठतो, मग पेषणीच्या स्नायूंमध्ये गिळलेल्या खड्यांवर भरडला जातो. म्हणजे एकाचं जातं तोंडात, दुसऱ्याचं पोटात. पोपटाची चोच आकडेबाज म्हणून त्याला मांसाहारीही करू नका. त्याची वरची चोच कवटीशी बिजागरीसारखी हलते, त्यामुळे कठीण बी फोडायला जोर मिळतो आणि फांदीवर चढताना तीच तिसऱ्या पायासारखी वापरता येते.

नवनिरीक्षक
पटलं, रकाने बदलतो. फ्लेमिंगो मात्र कुठेच बसत नाही.

रानपिंगळा
त्याला वेगळा चौकोन द्या. खाताना त्याचं डोकं उलटं असतं. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते, चोचीच्या कडेच्या दातेरी पट्ट्यांवर अन्न अडकतं. ‘लहान फ्लेमिंगो’ या जातीची चाळण बारीक, तो सूक्ष्म नील-हरित शैवाल गाळतो. ‘मोठा फ्लेमिंगो’ या जातीची भरड, त्यात छोटे कवचधारी प्राणी आणि अळ्या अडकतात. म्हणून दोघे एकाच तळ्यात एकमेकांच्या घासावर न उठता चरू शकतात. चित्रात डोकं उलटंच छापा. सरळ छापलंत तर चोच मध्येच वाकडी का, हे मुलांना कळणार नाही.