दिवाळीच्या पहाटे पोहे म्हणजे फराळाला पळवाट?

आंबोलीघाट
काल एका गृहस्थांची पोस्ट सगळ्यांनी हसत हसत पुढे ढकलली. म्हणणं थोडक्यात असं, की कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीला पोहे खातात ही काही परंपरा-बिरंपरा नाही, चकली-करंजीचा व्याप नको म्हणून काढलेली पळवाट आहे. वर्षाचा सण आणि ताटात रोजचा नाश्ता, एवढी चिक्कूगिरी बरी नव्हे वगैरे. तिकडे उत्तर द्यायला गेले तर कमेंट बंद. म्हणून इथे लिहितेय, लांबणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

दिवाळी येते कधी? आश्विन संपता संपता. तेव्हा आमच्याकडे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापून झोडून घरात आलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून शेतात उभं असतं. कोजागिरीला आम्ही नव्याची पौर्णिमा म्हणतो ती काय उगाच? नवीन लोंब्या दाराला बांधतात त्या दिवशी. नव्या तांदळाचा भात करायला जाल तर गिचका होतो, तो जुना व्हावा लागतो. पण पोहे? नव्या भाताचे पोहे म्हणजे नुसते चिमटीने तोंडात टाकले तरी गोड लागतात. तर हा रोजचा नाश्ता नाही हो, हे पीक घरात आल्याचं पहिलं खाणं आहे. तुमच्या रोजच्या कांदेपोह्यांनी त्याला हिणवू नका.

आणि व्याप नको म्हणून म्हणे! आमच्या घरी माझी आजी आणि मोठी काकी पोहे कांडायच्या ते मी पाहिलंय. भात रात्री कढत पाण्यात भिजत घालायचं, सकाळी उपसून रोवळीत निथळायचं, मग थोडं थोडं मडक्यात भाजायचं. ते तडतडायला लागलं की तसंच गरम गरम व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात ओतायचं आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळं धरायची, एकीचं वर तर दुसरीचं खाली. हात थांबवायचा नाही, कारण भात गार झालं की चपटं होत नाही, तुटतं, आणि मग पोहे नाहीत, कण्याच मिळतात. नंतर पाखडणं वेगळं. ज्याला ही पळवाट वाटते त्याने एक पायली कांडून दाखवावी, मी स्वतः त्याला चकल्या तळून घालते.

ताटातही एकच प्रकार नसतो. गूळखोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, दुधातले, दह्याताकातले, फोडणीचे, आणि शेजारी काळ्या वाटाण्याची उसळ. अभ्यंगस्नान झालं, तुळशीपुढे कारीट, म्हणजे छोटं कडू फळ, पायाच्या अंगठ्याने फोडलं, त्या कडू रसाचं बोट जिभेला लावलं की त्यावर तो रसातला पहिला घास. ते कडू आणि हे गोड, यात काय कंजुषी दिसली त्या माणसाला देव जाणे.

सदाशिवबाहेरचा
पोस्ट आगाऊ होती हे मान्य. पण ताई, तुम्ही पण चकलीवर घसरलातच ना शेवटी? "चकल्या तळून घालते" म्हणजे जणू ते उजव्या हाताचं काम. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येक डाळ वेगळी भाजायची, गिरणीवाल्याला सांगायचं की बाबा रे मिरची नाहीतर नाचणी दळून झाल्यावर लगेच आमची भाजणी घालू नकोस, मग मोहन. कमी पडलं तर दात पडतात, जास्त झालं तर चकली कढईत हसते आणि विरघळते. माझी आई याच कामासाठी ऑफिसातून रजा घ्यायची.

आणि फराळ टिकतो हो. चार दिवस लोक येतात जातात, डबा उघडायचा आणि द्यायचं. तुमचे रसातले पोहे नऊ वाजेपर्यंत फुगून लापशी. मग भाऊबीजेला आलेल्या माणसाला काय देता?

आंबोलीघाट
@सदाशिवबाहेरचा लापशी होते कारण तुम्ही आधी कालवून ठेवता. रस वेगळा ठेवायचा, गूळ त्यातच विरघळवून गाळून घ्यायचा, वेलची आणि चिमूटभर मीठ, आणि पानात पोहे वाढल्यावर वरून ओतायचा. तो रस तापवायचा नाही, फाटतो. आणि फराळ आम्हीपण करतो, कोणी सांगितलं करत नाही? कोणाच्याही घरात जा, डबे भरलेलेच असतात. फक्त पहाटेचा पहिला घास पोह्यांचा.

ऑरेंजसिटी
पोह्यांचा विषय निघाला आणि नागपूरचं नाव नाही, ठीक आहे, सवय आहे आम्हाला. देशात पोहे म्हटलं की इंदूर, महाराष्ट्रात म्हटलं की पुण्याचे कांदेपोहे, आता कोकण. तर्री पोहे कोणाच्या खिजगणतीत नाहीत. चण्याचा झणझणीत रस्सा वरून ओतलेला, कडेने तेलाचा लाल तवंग, हिवाळ्यात सकाळी सातला ठेल्यावर उभं राहून खाऊन बघा अन् मग परंपरा सांगा.

आंबोलीघाट
भाऊ, विषय दिवाळीचा आहे.

ऑरेंजसिटी
विषय नेहमी दुसराच असतो ना, तेच तर म्हणतोय.

पहाटेचा_गजर
सॉरी पण मला हे सगळं गोग्गोड वर्णन वाचून राग आला. मी लग्न होऊन सिंधुदुर्गात आले. पाच प्रकारचे पोहे म्हणजे पाच वेगवेगळी पातेली, दोन नारळ फोडून खवून वाटून पिळून रस, उसळीचं वाटण, आणि हे सगळं उजाडायच्या आत, उटणं लावून अंघोळ करून. घरातले पुरुष काय करतात? कारीट फोडतात. अंगठ्याने. गोविंदा गोविंदा ओरडतात, खातात, आणि परत पांघरूण घेऊन झोपतात. मग आठ वाजता शेजारी-पाजारी येतात, त्यांना परत वाढायचं, "तुमच्याकडचे ताकातले जरा आंबट झालेत हां यंदा" हे ऐकून घ्यायचं. आजी आणि काकी कांडत होत्या हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. आजोबा आणि काका त्या वेळी कुठे होते ते पण लिहा की.

आंबोलीघाट
काका शेतात होते, आजोबा ओटीवर पान खात होते. झालं समाधान? मुद्दा खरा आहे तुमचा, पण तो फराळालाही लागू आहे, चकल्या काही पुरुष पाडत नाहीत. त्या गृहस्थांची पोस्ट पदार्थाबद्दल होती.

सदाशिवबाहेरचा
आक्षेप. आमच्या घरी सोऱ्या बाबाच फिरवायचे. पितळी होता, आईच्या हाताला झेपायचा नाही.

पहाटेचा_गजर
सोऱ्या फिरवला की फराळ केला. वा.

फोंडेकार
एवढं भांडताय खरं, पण गोव्यात त्या पहाटे पोहे खायला जागं कोण असतं सांगा. रात्रभर नरकासुराचे पुतळे! आमच्या वाड्यावर डीजे लावतात, कपाटातली भांडी वाजतात अक्षरशः. वडील हार्टपेशंट, कानात कापूस घालून बसलेले असतात. पहाटे चार साडेचारला कधीतरी तो जाळतात आणि मग सगळी पोरं आडवी होतात ती थेट दुपारी उठतात. आईने केलेले फोव झाकून ठेवलेले. जो कृष्ण नरकासुराला मारतो त्याचं नाव नाही आणि राक्षसाची मात्र रात्रभर आरती. पोहे राहिले बाजूला, दिवाळीच राक्षसाची झालीय.

मांडवीपलीकडे
झालं सुरू. दरवर्षी हेच रडगाणं. नरकासुर करणाऱ्या पोरांनी महिनाभर आधीपासून लोखंडाचा सांगाडा, गवत, रद्दी, रंग, सगळं स्वतः जमवलेलं असतं. हलणारे हात, फिरणारी मान, गावातली पोरं वेल्डिंग शिकतात त्या निमित्ताने. एक रात्र आवाज झाला तर आभाळ कोसळत नाही. गणपतीत चालतं तेव्हा कान कुठे गेलेले असतात?

फोंडेकार
गणपतीत पण नाही चालत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार सूट देऊ शकतं ती पण बारापर्यंतच, आणि वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. पहाटे साडेचार कुठल्या नियमात बसतं? आणि वेल्डिंगचं कौतुक नका सांगू, दुसऱ्या दिवशी तोच जळका सांगाडा रस्त्याच्या मधोमध असतो आणि स्कूटरवाले पडतात. तो उचलायला तुमचे कलाकार येत नाहीत.

मांडवीपलीकडे
आमचे येतात. तुमच्या वाड्यावरचे आळशी असतील तर त्यात नरकासुराचा काय दोष.

फोंडेकार
माझ्या वाड्यावर बोलू नका.

मांडवीपलीकडे
तुम्ही सगळ्या गोव्यावर बोललात ते चाललं?

ऑरेंजसिटी
भाऊ, विषय दिवाळीच्या पोह्यांचा आहे. 🙂

बांद्याचा_बाबू
आमच्याकडे सावंतवाडीत पण नरकासुर करतात आता, कुडाळात पण. लहानपणी आम्ही गवताचा एक बाहुला करून शेताच्या बांधावर जाळायचो, तोंडाला सुपारीच्या पोयीचा मुखवटा. संपलं पाच मिनिटांत, मग अंघोळ, मग पोहे. आता स्पर्धेची बक्षिसं आली, बक्षिसांमागून पुढारी आले, त्यांच्या फोटोंचे बॅनर आले, त्या बॅनरवरचा मुखवटा जास्त भीतिदायक असतो. फोंडेकारांचं बरोबर आहे पण ओरडण्याची पद्धत चुकते, पोरांवर ओरडून उपयोग नाही, बक्षीस देणाऱ्याला विचारा की आवाज बारानंतर बंद ठेवेल त्यालाच बक्षीस असं का करत नाही.

मांडवीपलीकडे
हे तरी काहीतरी बोलण्यासारखं. अशी अट घातली तर आमचा विरोध नाही. पण पाळणार सगळ्यांनी, फक्त आम्ही नाही.

फोंडेकार
बघू. दिवाळीच्या रात्री एक वाजता फोन करतो तुम्हाला, स्पीकर ऑन ठेवून.

एडिसनची_मावशी
मूळ विषयावर येऊ का? इथे न्यू जर्सीत झाडं लाल-पिवळी झाली की सगळीकडे भोपळ्याचं काहीतरी सुरू होतं, कॉफीत भोपळा, ब्रेडमध्ये भोपळा, मला मात्र चावदिसाच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पोह्यांचीच आठवण येते. मी दुधगुळाचे करते आणि दरवेळी दूध फाटतं. आई म्हणायची गूळ चांगला नसेल. तीन ब्रँड बदलले. शेवटी साखर घालते, पण ते मग दूधपोहेच होतात, ती चव नाही. रसातल्यांना इथला डब्यातला नारळाचा रस वापरते, घट्ट असतो, चालतो. लाल तांदळाचे पोहे मात्र मिळत नाहीत.

सदाशिवबाहेरचा
गूळ आणि दूध एकत्र आलं की फाटणारच, गूळ आंबट अंगाचा असतो. म्हणूनच आम्ही साखर घालतो.

आंबोलीघाट
काहीतरीच. गरम दुधात गूळ टाकला तर फाटतं. दूध तापवून पूर्ण गार करा, गूळ किसून पोह्यांना आधी चोळून घ्या, आणि खायला बसताना त्यावर गार दूध. आमच्याकडे दरवर्षी होतात, एकदाही फाटलेलं नाही.

सदाशिवबाहेरचा
बरं, गार दुधाचं करून बघतो. पण फाटलं तर फोटो टाकणार.

पहाटेचा_गजर
तुम्ही करणार की घरात कोणाला तरी सांगणार?

सदाशिवबाहेरचा
मी करणार. पाचला उठून. एवढं तरी विश्वास ठेवा.

मुलुंडचा_रत्नागिरीकर
सगळ्यांनी एवढं भावुक व्हायचं काय कारण आहे कळत नाही. मी रत्नागिरीचा, जन्म मुंबईचा. आमची आई वाण्याकडून जाडे पांढरे पोहे आणायची, त्यात गूळ, खोबरं, एक चमचा तूप. व्हायन नाही, मुसळ नाही, नवं भात नाही. तरी दिवाळी झाली. आणि खरं सांगायचं तर गावचे ते लाल पोहे मी एकदाच खाल्ले, कोंड्याचे तुकडे दातात अडकले, मला नाही आवडले. गावात पण आता सगळे मिलवरच करून आणतात. हाताने कांडलेले पोहे हे आता फक्त असल्या लेखातच शिल्लक आहेत.

आंबोलीघाट
मिलवर करून आणतात हे खरंय, आमच्याकडेही. पण भात आपलं असतं, नवं असतं. कोंडा दातात अडकला म्हणजे पाखडणाऱ्याने कामचुकारपणा केला. आणि तुम्ही म्हणता नवं भात नाही तरी दिवाळी झाली, पण आईने त्या दिवशी चकली न देता पोहेच दिले ना? मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

मुलुंडचा_रत्नागिरीकर
मी कोणाच्याच बाजूने नाही. मला एवढंच म्हणायचंय की त्या गृहस्थांचं पळवाट म्हणणं आमच्या घरापुरतं शंभर टक्के खरं होतं. आई नोकरी करायची, डोंबिवलीहून लोकलचे धक्के खात फोर्टला, तिला चकल्या पाडायला वेळ नव्हता. पोहे होते म्हणून निभावलं. पळवाट असली तर असली, त्यात लाज कसली?

पहाटेचा_गजर
ही पहिली कमेंट आहे जी मला पटली.

आंबोलीघाट
पळवाट म्हणणाऱ्याचा सूर "कंजूष" असा होता, तुमचा तसा नाही, हा फरक आहे. ठीक आहे, तुमच्या घरापुरतं सोडते. त्यांच्या पोस्टपुरतं सोडणार नाही.

सदाशिवबाहेरचा
ताई, ते लाल पोहे पुण्यात कुठे मिळतील? विचारायचं म्हणून विचारतोय, मत बदललेलं नाही.

आंबोलीघाट
सावंतवाडीच्या बाजारात या, आठवडी बाजारात बायका घेऊन बसतात, वालयचे मागा, ती लाल भाताची जात. हातात घेऊन बघा, जुने असतील तर रंग मेलेला दिसतो. आणि येताना भाजणी घेऊन या, मोहन तुम्हीच घाला.

ऑरेंजसिटी
अन् येता येता नागपूर लागत नाही, माहीत आहे.